गळाची कानडी

सटवाजी शिव्या मराठीत द्यायचा, देवापुढं मराठीत बोलायचा, यमुनेशी भांडायचाही मराठीतच. पण पाण्याकाठी बसला की माणूस सगळा कानडी. त्याला इलाज नव्हता. गळ टाकायला त्याला शिकवलं वर्कशॉपातल्या भीमसेननं, आणि भीमसेनला मराठीतलं 'ये' आणि 'जेव' एवढंच येत होतं. त्यामुळं दोरीवर तरंगणारं बूच म्हणजे बेंडू. कटला, रोहू, जो कोण चंदेरी खवल्यांचा असेल तो बिळी मीन, पांढरा मासा. आणि बेंडू बुडाला की शेजाऱ्याला ओरडून सांगायचं ते 'एळी!' म्हणजे ओढ. मराठीत 'ओढ' म्हणेपर्यंत मासा गळावरची कणकेची गोळी खाऊन घरी जातो, असं भीमसेन म्हणायचा, आणि ते सटवाजीला पटलं होतं.

त्याच एका शब्दानं सटवाजीचा जावई गेला. हे जगात दोघांनाच माहीत होतं, सटवाजीला आणि यमुनेला. ज्या पोरीचा नवरा गेला, तिला माहीत नव्हतं.

जावई प्रवीण, साताऱ्याकडचा, कोरेगावचा. पोरीची, रूपाची, हुबळीच्या उणकल भागातल्या शाळेत मास्तरणीची नोकरी सुटू नये म्हणून हा बाबा आपलं तिकडचं बस्तान गुंडाळून हुबळीला आला आणि कोप्पीकर रोडवरच्या एका दुकानात फ्रीज-एसी बसवायच्या कामाला लागला. असा जावई दिवा घेऊन शोधला तरी सापडत नाही. कानडीशी मात्र त्याचा छत्तीसचा आकडा. आठ महिन्यांत शिकला चार शब्द: गोत्तिल्ला म्हणजे माहीत नाही, साकु म्हणजे पुरे, एष्टु म्हणजे किती, आणि चौथा सिटी बसच्या कंडक्टरकडून. कंडक्टर दर स्टॉपला बोंबलायचा, 'इळीरी, इळीरी!' उतरा, उतरा. पहिल्या आठवड्यात प्रवीण प्रत्येक 'इळीरी'ला उतरला आणि निम्मी वाट चालत कामावर गेला. घरात हसून हसून पोटं दुखली होती.

मागच्या कार्तिकातला रविवार होता. अळणावरच्या अलीकडं सटवाजीचं गाव, आणि गावाला मोठं तळं, हिरेकेरी. सासरा-जावई पहाटेच्या पॅसेंजरनं गेले. सटवाजी बाभळीखाली बसला, प्रवीण वीसेक पावलांवर. सकाळी सटवाजीला एक मासा वेलीत अडकून लागला, तेव्हा तो स्वतः गुडघाभर पाण्यात उतरून हातानं उचलून घेऊन आला होता. प्रवीणनं ते बघितलं होतं. दहाच्या सुमाराला प्रवीणचा बेंडू खस्सकन आत गेला. काठी वाकली. आणि सटवाजीच्या तोंडून निघालं ते नेहमीचं. फक्त जावयाला अरे-तुरे कसं करायचं, म्हणून 'एळी'चं झालं 'एळीरी!' ओढा!

प्रवीणला ऐकू आलं 'इळीरी'. उतरा. त्यानं वळून बघितलं, खरंच उतरू का, असं. सटवाजीला वाटलं, हा ओढायला भितोय. तो दुप्पट मोठ्यानं ओरडला, 'एळीरी हो, एळीरी!' आणि प्रवीण हसत हसत, काठी उंच धरून, दोन्ही पायांनी तळ्यात उतरला.

उन्हाळ्यात तळ्यातला गाळ जेसीबीनं उपसून नेला होता. काठाला पावलाभर जमीन, पुढं खड्डा. प्रवीणला पोहता येत नव्हतं. सटवाजीनं कपड्यांनिशी उडी टाकली, बासष्टाव्या वर्षी दोनदा तळ गाठला, वेलींनी हातपाय कापून घेतले. बाहेर काढलं तेव्हा उशीर झाला होता.

पंचनाम्याला सटवाजी म्हणाला, 'पाय घसरला.' पलीकडं धुणं धुणाऱ्या बायका म्हणाल्या, 'घसरला कुठला, चालत उतरला की.' झालं. गावाच्या तोंडाला हात कोण लावणार? धडधाकट माणूस, पोहता येत नाही, चालत पाण्यात जातो, म्हणजे काय ते समजून घ्या, असं लोक बोलले. रूपानंही तेच समजून घेतलं, कारण तिच्याकडं तसं कारण होतं. त्या पहाटे नवरा-बायकोची खडाजंगी झाली होती. रविवारी तिच्या मैत्रिणीच्या घरी बारसं, आणि हा चालला मासे धरायला. ती रागाच्या भरात म्हणाली होती, 'जावा, तिकडंच पाण्यात राहावा. परत तोंड दाखवू नका.'

बाराव्याला सासूच्या गळ्यात पडून तिनं ते सांगितलं. वेडी पोर! लपवायचं सोडून स्वतःच सांगितलं. सासू तिथून उठली ती कोरेगावला गेली, आणि परत रूपाशी बोलली नाही. 'माझ्या लेकाला घालवलंस, आता माझ्या दारात येऊ नकोस,' एवढा एकच निरोप आला.

सटवाजी तेव्हा तिथंच बसला होता. त्यानं सगळं ऐकलं. घरी येऊन यमुनेला म्हणाला, 'मी सांगतो तिला. तिचं काय चुकलं न्हाई, माझ्या तोंडानं घात केला.' यमुनेनं त्याचे दोन्ही हात धरले. 'आता न्हाई. नवरा गेला, आता बापपण जायचा काय तिचा? दोन महिने जाऊ देत.' दोन महिने गेले, चार गेले. रूपा शाळेतून यायची, भिंतीकडं तोंड करून पडायची, आणि सटवाजी शेजारच्या खोलीत पेपर उघडून बसायचा. एक ओळ वाचत नव्हता. भित्रा म्हणा, आपमतलबी म्हणा, त्यानं स्वतःला याहून वाईट म्हणून घेतलं होतं. पण सांगितलं नाही ते नाहीच.

आणि असं करता करता वर्षाचा दिवस आला.

त्यांच्यात रीत अशी, की वर्षाच्या दिवशी गेलेल्या माणसाच्या आवडीचं रांधून त्याचा निवद ठेवायचा. हे खरं तर सासरच्या घरात व्हायचं, पण ते दार बंद. प्रवीणला आवडायचा पांढऱ्या माशाचा रस्सा. यमुना म्हणाली, बाजारातनं आणू या. रूपा म्हणाली, 'न्हाई. हिरेकेरीतलाच पायजे. अप्पा, तू चल माझ्याबरोबर.'

सटवाजीनं वर्षभर काठीला हात लावला नव्हता. 'गे, मला गुडघ्याचं दुखणं हाय,' तो म्हणाला.

'मग मी एकटी जातो.' त्या भागातल्या पोरी जातो-येतोच म्हणतात. 'लहानपणी तूच शिकवलंस की.'

एकटीला त्या पाण्यावर सोडायचं? सटवाजी मुकाट उठला. माळ्यावरनं काठ्या काढल्या. तंगूस, म्हणजे गळाची ती बारीक पारदर्शक दोरी, कुजली होती, ती नवी बांधली. जुन्या स्लीपरचा रबरी तुकडा कापून दोन बेंडू केले. कणीक, शेंगदाण्याची पेंड आणि चिमूटभर हिंग मळून गोळा डब्यात भरला. यमुना दारात उभी राहून त्याच्याकडं नुसती बघत होती.

तळं काठोकाठ भरलेलं होतं. रूपा म्हणाली, 'ते बसले होते ती जागा दाखव.' त्यानं दाखवली. तिथंच तिनं चटई टाकली. अडवायची त्याची छाती झाली नाही. त्यानं आधी कोंडा आणि पेंडीचे चार लाडू पाण्यात भिरकावले, मासा जमायला. मग खोली बघायला दोरीला शिशाचा मणी लावून सोडला. मणी जातोय, जातोय, जातोयच. काठापासून दोन पावलांवर दोन पुरुष पाणी. सटवाजीनं दोरी परत गुंडाळली.

'किती हाय रे?' रूपानं विचारलं.

'हाय बक्कळ.'

त्यानं बेंडू वीतभर गळाकडं सरकवला, म्हणजे गोळी तळाच्या थोडी वर लोंबते आणि पांढऱ्या माशाच्या तोंडापुढं येते. हरभऱ्याएवढी गोळी गळाच्या टोकाला दाबली आणि काठी रूपाच्या हातात दिली. स्वतःचा गळ त्यानं पाण्यात टाकलाच नाही. बेंडू उभा राहिला. वारा नव्हता. दोघं त्या लाल तुकड्याकडं बघत बसली.

बराच वेळ गेल्यावर रूपा म्हणाली, 'अप्पा, एक बोलू?'

'बोल की.'

'तू पोलिसांना खोटं सांगितलंस. पाय घसरला म्हणून. मला ठाऊक हाय.'

वर्षभर ज्याला भीत होता ते आलं, असं सटवाजीला वाटलं. आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. सुटलो एकदाचा, असं.

'बायकांनी बघितलं ते खरं,' रूपा पाण्याकडंच बघत बोलत होती. 'ते आपणहून उतरले. मी म्हटलं, पाण्यातच राहावा, ते राहिले. तुला सगळं दिसलं असणार. पण लोक माझ्या तोंडात शेण घालतील म्हणून तू घसरला म्हणालास. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं गिळलंस माझ्यासाठी. वर्ष झालं, एकदासुद्धा मला बोलला न्हाईस. एकदा तरी म्हणायचं होतं, काय केलंस गे पोरी. न्हाई म्हणालास.'

तिनं काठी डाव्या हातात घेतली, वाकली आणि उजव्या हातानं बापाच्या पायाला हात लावून तो कपाळाला लावला. 'तू नसतास तर मीपण ह्याच पाण्यात गेलो असतो बघ,' ती म्हणाली.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं सटवाजीला झालं. चोराला शाल-श्रीफळ द्यावं, तसं झालं होतं. त्यानं स्वतःला वाचवायला केलेलं खोटं, ते ह्या पोरीनं वर्षभर देव्हाऱ्यात ठेवून पुजलं होतं.

'रूपा,' तो कसाबसा म्हणाला, 'गे, तसं न्हाई ते...'

तेवढ्यात बेंडू हलला. दोनदा टुकटुक झालं, बेंडू आडवा पडला, आणि सरळ तिरका आत गेला. रूपा बापाच्या तोंडाकडं बघत होती, बेंडूकडं नव्हे. सटवाजीला बेंडू दिसत होता. तोंडाशी शब्द आला होता, तीस वर्षांचा, आपोआप येणारा. पण तो बाहेर पडेना. त्यानं नुसता हात केला, पाण्याकडं.

रूपानं वळून बघितलं आणि मनगटाला झटका दिला. मासा लागला होता. काठी वाकली, दोरी पाण्यात इकडून तिकडं सुळकन फिरायला लागली. तिनं घाई केली नाही. तो धावला की सैल, थांबला की ओढ. दहा मिनिटांनी दमून आडवा झाला, मग सटवाजीनं जाळीत घेतला. किलो-दीड किलोचा कटला, पांढराशुभ्र.

'अप्पा,' ती धापा टाकत म्हणाली, 'एळी म्हणून ओरडला न्हाईस ते! मासा गेला असता की हातचा. तुझं एळी ऐकल्याबिगर कधी मासा काढला न्हाई मी.'

सटवाजीनं मान खाली घातली आणि माशाच्या तोंडातला गळ काढायला लागला. तो निघता निघेना.

उणकलच्या घरी पोचायला दुपार झाली. यमुनेनं तयारी करून ठेवली होती. खोबरं भाजलेलं, लसूण सोललेला, ब्याडगी मिरच्या कोमट पाण्यात, चिंच भिजत. रूपा मागच्या अंगणात विळी घेऊन बसली. हात घसरू नये म्हणून माशाला चुलीतली राख चोळली आणि शेपटीकडून डोक्याकडं खवले काढायला लागली. सटवाजी पायरीवर बसला. यमुना दाराआडून डोळ्यांनी खुणावत होती, नको, आज नको, निवदाचा दिवस आहे. सटवाजीनं तिच्याकडं बघणं बंद केलं.

'गे रूपा,' तो म्हणाला. 'प्रवीण रागानं न्हाई गेला.'

'असू दे अप्पा. किती दिवस माझी समजूत घालणार?'

'समजूत न्हाई घालूलालोय. ऐक. त्याच्या गळाला मासा लागला. मी बाभळीखालनं ओरडलो, एळीरी. ओढा म्हणून. त्याला कुठली कानडी? त्याला इळीरी ऐकू आलं. तुला माहीत हाय, बसमध्ये काय म्हणतात ते. त्यानं माझ्याकडं बघून विचारलंसुद्धा, डोळ्यांनी. मी परत ओरडलो. मी म्हटलं म्हणून तो उतरला. तुझ्या बोलण्यानं न्हाई. माझ्या.'

रूपाचा हात थांबला नाही. तिनं खवले संपवले, कल्ले काढले, पोटाला चीर दिली. माशाच्या पोटात एक हिरवी पित्ताची पिशवी असते, ती फुटली की सगळा मासा कडू. तिनं ती दोन बोटांत धरून अलगद, न फोडता बाहेर काढली आणि बाजूला ठेवली. मग म्हणाली, 'उतरताना कसे दिसत होते?'

'हसत होता.'

'हसत?'

'व्हय गे. काठी अशी वर धरून. पहिला मोठा मासा लागला होता त्याला.'

'माझं काही बोलले होते? त्या दिवशी?'

सटवाजीला आता थांबता येत नव्हतं. 'गाडीत बोलला. म्हणाला, मामा, सकाळी बाईसाहेब तापल्यात. एक चांगला मासा घेऊन जाऊ, मधल्या तुकड्या तिला देतो, डोकं मी खातो, म्हणजे थंड होईल. बारशाला सांच्याला जाऊ म्हणाला, उशीर झाला तरी जाऊ.'

रूपानं राखेनं माखलेले हात तोंडावर धरले. आधी वाटलं रडतेय; पण ती हसत होती, आणि रडतही होती, दोन्ही एकदम. 'बारशाला जाणार होते,' ती म्हणाली. 'आई, ऐकलंस? ते बारशाला येणार होते माझ्याबरोबर. रागावले नव्हते.' गालावर राखेचे पट्टे उठले होते. वर्षभरात पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर रक्त दिसलं. सटवाजीला वाटलं, देवा, हे एवढं सोपं होतं, आणि मी वर्षभर काय करत बसलो?

तेच तिच्याही डोक्यात आलं. हसू विरायला वेळ लागला नाही.

'तुला बाराव्याच्या दिवशी माहीत होतं,' ती म्हणाली.

'व्हय.'

'मी सासूबाईंच्या गळ्यात पडून मी मारलं म्हणत होतो, तवा तू तिथं होतास.'

'होतो.'

यमुना दारातून पुढं आली. 'मीच नको म्हटलं गे. तू बापालाही परका करशील म्हणून. एकच लेक हाय आमची.'

रूपानं आईकडं बघितलं नाही. 'शब्दाचं सोड अप्पा,' ती म्हणाली. आवाज चढवला नाही, शाळेत पोरांना समजावतात तशी बोलत होती. 'शब्द चुकतो. माझ्या तोंडातनं काय गेलं होतं ते तरी चांगलं होतं काय? तू त्या दिवशी सांगितलं असतंस, तर मी तुझ्याच गळ्यात पडून रडलो असतो. देवाशपथ सांगतो. तुझ्यावर रागावलो नसतो. पण वर्षभर रोज सकाळी मी तुझ्या हातात चहा देत होतो, आणि तू माझे सुजलेले डोळे बघून तो चहा पीत होतास. आणि आज... आज मी तुझ्या पाया पडलो.'

सटवाजी पायरीवर बसून राहिला.

रूपानं मासा मिठानं, हळदीनं धुतला, तुकड्या केल्या. आत जाऊन रस्सा केला. वाटण परतल्याचा वास सगळ्या घरात सुटला. भात झाला, ज्वारीची भाकरी झाली. तिनं केळीच्या पानावर मधल्या तुकड्या वाढल्या, आणि डोकं. सटवाजी पान उचलायला पुढं झाला, तशी ती म्हणाली, 'तू हात लावू नकोस.' तिनं स्वतः नेऊन अंगणात ठेवलं, दिवा लावला, नमस्कार केला. बराच वेळ उभी राहून काहीतरी बोलत होती. काय ते कुणाला ऐकू आलं नाही.

मग तिनं कोरेगावला फोन लावला. वर्षभर न उचललेला फोन सासूनं त्या दिवशी उचलला, तिच्याकडंही वर्षाचाच दिवस होता. 'आई,' रूपा म्हणाली, 'तुम्हाला एक सांगायचंय,' आणि पुढं तिला बोलता येईना. तिनं फोन बापापुढं धरला. 'सांग. सगळं सांग. त्यांचापण मुलगा गेलाय.'

सटवाजीनं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. मग त्या माउलीनं विचारलं, 'भांडून गेला होता म्हणे सकाळी. काही खाल्लं होतं का हो त्यानं?'

'खाल्लं होतं वैनी,' सटवाजी म्हणाला. 'माझ्या डब्यातल्या दोन भाकरी खाल्ल्या, आणि शेंगदाण्याची चटणी. परत मागून घेतली.'

'बरं,' ती म्हणाली. मग म्हणाली, 'रूपाला पाठवा. माझ्या पोरीला पाठवून द्या.' आणि फोन ठेवला. सटवाजीला ती काहीच बोलली नाही, शिवीसुद्धा दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सटवाजी रूपाला सोडायला हुबळीच्या स्टँडवर गेला. शाळेत तिनं रजेचा अर्ज दिला होता. किती दिवसांचा ते तिनं सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही. पुण्याकडं जाणारी गाडी लागलेली होती, साताऱ्यावरनं जाणारी. बॅग उचलायला त्यानं हात पुढं केला, तर तिनं ती दुसऱ्या खांद्याला घेतली. खिडकीशी बसली. गाडी सुटायला अजून पाच-सात मिनिटं होती. खाली उभा राहून तो काहीबाही बोलत राहिला. पाणी घेतलंस काय, थंडी हाय तिकडं, स्वेटर वर ठेव, निपाणीला गाडी थांबते तवा चहा घे. ती हूं हूं करत होती.

'पोचलीस की फोन कर गे.'

'आईला करीन,' ती म्हणाली. मग खिडकीतून त्याच्याकडं बघितलं. राग नव्हता तिच्या तोंडावर. 'तुम्ही जावा आता घरला. ऊन होईल. गुडघा दुखतोय ना तुमचा.'

तुम्ही. त्यांच्यात लेक बापाला अरे-तुरेच करते. अप्पा, ये, अप्पा, जेवलास काय. सव्वीस वर्षांत रूपानं त्याला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. तापात नाही, भांडणात नाही, लग्नात पाठवणीच्या वेळी ओक्साबोक्शी रडतानाही नाही. तुम्ही म्हणायचं ते मास्तरला, साहेबाला, रस्त्यात पत्ता विचारणाऱ्या परक्याला. सटवाजीला वाटलं चुकून गेलं असेल, सासरच्या माणसांशी बोलायची तयारी चालली असेल मनात, म्हणून जीभ वळली असेल. त्यानं वाट बघितली. ती परत काही बोलली नाही.

गाडीनं हॉर्न दिला.

'जातो गे,' सटवाजी म्हणाला, आणि लेकीनं सांगितल्याप्रमाणं ऊन व्हायच्या आत घरी गेला.